ठोकलेला रुपया

जुन्या बाजारात नाणी कुठे आहेत, ते कुणाला विचारावं लागत नाही. मंगळवार पेठेतल्या त्या रस्त्यावर कितीही गलका असो, पत्र्याच्या डब्यात ओतल्या जाणाऱ्या नाण्यांचा आवाज त्यातून वेगळा निघतो. रविवारचे साडेदहा होतायत. चैत्रातलं ऊन आतापासूनच डोक्यावर आलंय. दोन्ही बाजूंना ताडपत्र्या पसरल्यात. पाने, पकडी, वापरलेले बूट, पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, कुलपं आणि पलीकडे किल्ल्यांचा निराळाच ढीग. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. बुधवारी जरा तरी निवांत असतं. रविवारी पाय ठेवायला जागा शोधावी लागते.

पहिल्या गोणपाटावर स्टीलच्या नाण्यांचा ढीग आहे. गेंड्याचे चाराणे, आठाणे, जुने रुपये. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 2011च्या जूनअखेर व्यवहारातून बाद झाली, आता ती इथे मुठीने मिळतात. ढिगाभोवती शाळकरी पोरं उकिडवी बसलीत. एकाच्या मांडीवर वही. दुसरा नाणं उचलतो, डोळ्याजवळ नेतो.

“साल?”

“चौऱ्याण्णव.”

“खाली?”

“टिंब.”

“नोएडा. आहे आपल्याकडे. पुढचं.”

सालाच्या खाली बघायचं, हे या पोरांना कुणीतरी शिकवलंय. चौकट असेल तर मुंबईची टांकसाळ. चांदणी असेल तर हैदराबाद. टिंब नोएडाचं. खाली काहीच नसेल तर कोलकाता. वहीत चार रकाने आखलेत आणि पाचवा ‘परदेशी’ म्हणून सोडलाय. तो बराचसा रिकामा आहे. 1985च्या काही रुपयांवर सालाखाली इंग्रजी ‘एच’ असतो. ते रुपये बर्मिंगहॅमला पाडलेले. सुट्ट्या पैशांची टंचाई होती आणि आपल्या टांकसाळी पुऱ्या पडत नव्हत्या, म्हणून सरकारने नाणी बाहेरून पाडून आणली. पुढेही काही वर्षं असंच झालं. मॉस्कोच्या टांकसाळीची रशियन अक्षरं असलेली नाणीही आपल्याकडे चालली आहेत. वाण्याने हातावर ठेवली, आपण पुढे बसच्या कंडक्टरला दिली. बघितलं कुणी?

पोरांच्या डोक्यावर सावली नाही. घाम कानामागून मानेवर उतरतोय. कुणी उठत नाही.

मी पुढे सरकते. दोन दुकानं सोडून पिंपळाखाली घडीचं टेबल आहे. त्यावर भिंग, छोटा डिजिटल काटा, मखमलीचा तुकडा. मागे बसलेल्या गृहस्थांना सगळे ‘भिंगवाले काका’ म्हणतात. ते नाणी विकतात, पण सकाळच्या वेळी बघूनही देतात. बघायचे पैसे घेत नाहीत. म्हणून रांग आहे. रांग म्हणजे सरळ रेघ नव्हे, आठ-दहा माणसं सावली जशी पडलीय तशी उभी आहेत. कुणाच्या हातात रुमालाची पुरचुंडी, कुणाच्या हातात औषधाची डबी. एकाकडे मिठाईचा खोका आहे. प्रत्येकाचा प्रश्न जवळपास सारखाच असतो. याच्यावर हे काय ठोकलंय?

रिक्षावाले दादा पुढे होतात. गल्ल्यात आलेलं दोन रुपयांचं नाणं. मधोमध इंग्रजी ‘आर’ खोल रुतलाय. कुणीतरी सांगितलंय की हे लाखात जातं. काका नाणं पालथं करतात. मागच्या बाजूला, बरोबर त्याच जागी, सिंह चपटे झालेत.

“हे टांकसाळीत झालेलं नाही, दादा. कुणीतरी लोखंडावर ठेवून पंच मारून बघितलाय. आतला खड्डा बघा, कसा लखलखतोय. नाणं मळलंय आणि खड्डा नवा आहे.”

एवढ्याशा बोलण्यात निम्मी विद्या आहे. टांकसाळीचं चिन्ह मुळात साच्यातच कोरलेलं असतं. नाण्यावर ते बहुतेक वेळा उचललेलं येतं आणि पलीकडची बाजू शाबूत राहते. नंतर मारलेला ठसा आत रुततो. धातू बाजूला सरकतो, खड्ड्याला कड येते, पलीकडे सपाट पडतं. मग खड्ड्यातला मळ बघायचा. बाकीच्या नाण्याइतकाच काळा असेल तर ठसा जुना. काका हे भिंगातून बघतात, पण त्याआधी नाणं उन्हात तिरकं धरतात. वरून पडणाऱ्या प्रकाशात ठसे लपतात. तिरक्या उन्हात त्यांना सावली मिळते.

दादा नाणं खिशात टाकतात. “मग दोनच रुपये?”

“दोनच.”

पुढच्या आजी भोरकडून आल्यात. पदराच्या गाठीत राणीछाप रुपया. व्हिक्टोरियाच्या मुकुटावर, अगदी वरच्या कडेला, काळपट चकती उठून दिसते. आजींना वाटतंय तो सरकारी शिक्का आहे. काका भिंग त्यांच्याच हातात देतात.

“आजी, माळ होती का घरात? रुपयांची?”

“सासूबाईंची होती. गळ्यातली.”

“मग हा डाग तिचा. इथे कडी झाळली होती सोनाराने.”

आजी भिंग तसंच धरून ठेवतात. मागच्या माणसाला घाई आहे, तो खाकरतो. काका त्याच्याकडे बघत नाहीत. काट्यावर रुपया चढतो. 11.5. राणीछाप रुपया कोरा असताना 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी. निव्वळ चांदी साडेदहा ग्रॅमच्या वर. 1940पासून सरकारने रुपयात चांदी निम्म्यावर आणली आणि 1947मध्ये रुपया निकेलचा झाला. आजींच्या रुपयावर साल 1862 आहे आणि सालाच्या खाली बारीक टिंबं. आजींनी विचारलेलं नाही, पण काका ती टिंबंही दाखवतात. 1862नंतर कितीतरी वर्षं, थेट 1874पर्यंत, रुपयावर तेच साल घालत राहिले. मुंबईच्या टांकसाळीने मग टिंबांची खूण धरली, नाणं खरं कोणत्या वर्षीचं ते आपलं आपल्याला कळावं म्हणून.

“म्हणजे ही टिंबं सरकारी?” आजी विचारतात.

“ही सरकारी. वरचा डाग तुमच्या घरचा.”

सावली सरकते. रांगही तिच्यामागे सरकते. उसाच्या गाडीचे घुंगरू वाजतात. शेजारच्या ताडपत्रीवर कुणीतरी ग्रामोफोनची तबकडी लावून बघतंय, दोन सूर येतात आणि सुई अडकते.

मिठाईच्या खोक्यातून पन्नाशीचे एक गृहस्थ जाड, ओबडधोबड रुपया काढतात. कागदात गुंडाळलेला. त्यांच्या वाड्याची भिंत उतरवताना देव्हाऱ्यामागच्या कोनाड्यात होता म्हणे. काका पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढतात.

अंकुशी रुपया आहे. पुण्याचा, पेशवाईतला. वर फारसी अक्षरं, दिल्लीच्या बादशहाच्या नावाने. नाव पुरतं बसलेलं नाही, कारण साचा मोठा आणि चांदीची चकती लहान. जेवढं चकतीवर मावलं तेवढं उमटलं. अक्षरांच्या मध्ये हत्तीच्या माहुताचा अंकुश. तो उचललेला आहे, म्हणजे साच्यातला. पुण्याची ओळख. मी वाकून बघते. अंकुशाच्या आजूबाजूला आणि कडेवर आणखीही काही आहे. एक लहानसं फूल. एक सूर्य. तीन टिंबांचा त्रिकोण. एक चंद्रकोर, अर्धी झिजलेली. सगळे ठसे रुतलेले. मोजत जाते. समोर सात, पाठीवर पाच, कडेवर दोन छिन्नीचे घाव.

हे सराफांचे ठसे.

पेशवाईत एका गावचा रुपया दुसऱ्या गावी तसाच चालत नसे. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही. प्रत्येकाचा कस वेगळा, वजन वेगळं. रुपया हातात आला की तो सराफाकडे न्यायचा. सराफ आधी तो दगडी फरशीवर टाकून ऐकतो. मग तोलतो. संशय उरला तर छिन्नी लावतो, कारण वर चांदीचा मुलामा आणि आत तांबं अशीही नाणी फिरत. घावातून लाल दिसलं तर खोटा. पांढरं दिसलं तर आपला बारीक ठसा मारायचा. मी बघितला, खरा आहे. बट्टा कापायचा आणि रुपया पुढे पाठवायचा. पुढच्या गावी पुढचा सराफ. सरकारी खजिन्यात हेच काम पोतदार करी.

बंगालमध्ये तर नुसतं वय वाढलं तरी बट्टा पडे. नव्या सालाचा सिक्का रुपया दोन-तीन वर्षांत ‘सनत’ ठरायचा आणि किंमत उतरायची. कंपनी सरकारने त्यावर उपाय काढला. दरवर्षीच्या रुपयावर शाह आलमच्या कारकिर्दीचं 19वं वर्षच घालायचं. नाण्याचं वयच कळू द्यायचं नाही. 1835मध्ये सगळ्या इलाख्यांसाठी एकच रुपया आला. यंत्रावर पाडलेला, कडेला बारीक दाते असलेला, कुणी कड कातरली तर लगेच दिसावं म्हणून. तिथून पुढच्या नाण्यांवर सराफांचे ठसे विरळ होत जातात.

नाण्यांच्या याद्यांमध्ये अशा रुपयाला ‘खराब’ म्हणतात. ठशांमुळे भाव पडतो. मला हे कधीच पटलेलं नाही. राजाचं नाव तर प्रत्येक नाण्यावर असतं. या रुपयावर बारा दुकानांचे हात आहेत, ज्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. त्या माणसांनी हा रुपया घेतला, शंका घेतली, ठोकला, ऐकला आणि खरा म्हणून पुढच्याला दिला. कुठल्या फुलाचा सराफ कोण, हे आता बहुधा सांगता येत नाही. पण फूल आहे. ते घासून काढू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

काका रुपया पालथ्या लाकडी ट्रेवर टाकतात. खण्ण. आवाज लांबतो. रांगेतली बोलणी थांबतात. काट्यावर अकरा ग्रॅमच्या थोडा वर.

“घरीच ठेवा. पुसूही नका,” काका सांगतात. गृहस्थांना भाव ऐकायचा होता, तो काका शेवटी सांगतात. ऐकून त्यांचा चेहरा जरा पडतो. मग ते रुपया पुन्हा कागदात गुंडाळतात, पण आता खोक्यात टाकत नाहीत. वरच्या खिशात ठेवतात आणि बटण लावतात.

मग कॉलेजातला एक मुलगा. त्याच्याकडे तांब्याचं जाडजूड नाणं. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनी, ‘यूकेएल’, वन आना, 1818. तेही नीट रुतलेल्या गोल ठशासकट. बाजारात ही चकती जागोजागी आहे. गणपतीची आहे, रामदरबाराची आहे. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. वरचा ठसा तिला जुनं दाखवण्यासाठी मारलेला. काका नाणं हातातही घेत नाहीत, लांबूनच मान हलवतात. मुलाने त्याचे चांगले पैसे मोजलेत, हे त्याच्या गप्प बसण्यावरून कळतं. काका टेबलाखालच्या डब्यातून एक शिवराई काढून त्याच्या तळहातावर ठेवतात. तांब्याची, काळसर, एका बाजूला ‘राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, मध्ये दोन आडव्या रेघा. दुदांडी. ही खरी आहे आणि त्याच्या चकतीपेक्षा स्वस्त आहे. मुलगा ती उन्हात तिरकी धरतो. शिकला.

दुपारचे बारा. डांबर मऊ झालंय. रांग पातळ होते. गर्दी कमी बघून काका पिशवीतून प्लास्टिकच्या पानांचा अल्बम काढतात. ते विकायचं नाही. त्यात शर्टाच्या बटणाएवढं चांदीचं नाणं आहे. भिंग देतात. बघायला वेळ लागतो, कारण एकाच चकतीवर दोन चित्रं आहेत. खाली एका माणसाचा चेहरा, एका बाजूला वळलेला. नाक दिसतं, हनुवटी दिसते. कडेने ग्रीक वळणाची अक्षरं. आणि त्या गालावरून, कानावरून, तीन कमानींचा डोंगर गेलाय, खाली नागमोडी रेघ. नाणं उलटते. तिथे बाण आणि वज्राच्या अवशेषांवर चार गोलांना जोडणारा क्रूस.

चेहरा क्षत्रप नहपानाचा. डोंगर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा.

नाशिकच्या खाली, गोदावरीला दारणा मिळते तिथे जोगलटेंभी गाव आहे. 1906मध्ये तिथे या नाण्यांचं घबाड निघालं. 13,250च्या आसपास नाणी, सगळी मुळात नहपानाने पाडलेली. त्यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर सातवाहन राजाने आपला ठसा मारला होता. युद्ध संपलं, नहपान हरला. त्याचा चांदीचा पैसा मात्र लोकांच्या हातात होता आणि तो वितळवून नवा पाडत बसण्यापेक्षा त्यावरच आपली खूण मारून तो चालू ठेवला. उरलेली चार हजार नाणी त्या ठशाखाली कधी गेलीच नाहीत. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाच्या जावयाचे लेख आहेत आणि त्याच डोंगरात गौतमीपुत्राच्या आईचा, मुलाने क्षहरातांचं, म्हणजे नहपानाचं, कूळ संपवलं असं सांगणारा लेख आहे. या एवढ्याशा चकतीवर तीच दोन घराणी एकमेकांवर उमटलीत. इथे ठसा सराफाचा नाही, राजाचा आहे. तरी काम तेच. हा पैसा चालेल, घ्या.

“असं शेतात सापडलं तर?” मागून कुणीतरी विचारतं.

“कलेक्टरला कळवायचं. 1878चा कायदा आहे,” काका म्हणतात. “आणि जसं सापडलं तसं. मडक्यासकट. एकेक नाणं पोरांत वाटून टाकलं की संपलं.” हे ते मोठ्याने म्हणतात, रांगेला ऐकू जाईल असं.

परतीच्या वाटेवर, लोखंडवाल्यांच्या अलीकडे, एका तरुण विक्रेत्याच्या ताटात मोठं चांदीचं नाणं पडलंय. रुपयाच्या दुपटीहून जड. ताटाशेजारी वाटीत चिंचेचा कोळ आणि जुना टूथब्रश. आधीची चार नाणी घासून पांढरी फटफटीत झालीत. हे पाचवं. मी हात पुढे करते.

“थांबा भाऊ, हे घासू नका. बघू द्या आधी.”

“चिनी आहे, ताई. मागे चिनी लिहिलंय.”

मागे चिनी आहे, खरं. मलायी भाषेतली अरबी वळणाची अक्षरंही आहेत. पण पुढे ढाल आणि त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया उभी आहे, खाली इंग्रजीत वन डॉलर, 1902. त्रिशुळाचं मधलं टोक उन्हाकडे फिरवते. त्यावर अगदी बारीक ‘बी’. मुंबई. 1895पासून हे डॉलर आपल्या टांकसाळींत पाडून हाँगकाँग, सिंगापूर आणि चीनच्या बंदरांकडे पाठवत. तिथले व्यापारी आपल्या सराफांसारखेच. नाणं घेतलं की तपासायचं, आपलं अक्षर ठोकायचं, पुढे द्यायचं. ब्रिटानियाच्या पायाशी, गाऊनवर, ढालीच्या बाजूला चिनी अक्षरं रुतलीत. काही एवढी लहान की टिंबासारखी वाटतात. मग हे मुंबईत परत कसं आलं आणि तिथून पुण्याच्या या ताटात? खलाशाबरोबर आलं असेल, अफूच्या, कापसाच्या, सुताच्या व्यापारात आलं असेल. सांगणारं कुणी नाही.

आधीचं गिऱ्हाईक ते ठेवून गेलंय. “चेहरा खराब आहे, म्हणाला,” तरुण सांगतो. “ठोकलंय फार. म्हणून तर पॉलिश करत होतो.”

मी त्याला ‘बी’ दाखवते. तो भिंग मागतो. बराच वेळ बघतो. मग ब्रिटानियाच्या गाऊनवरची अक्षरं एकेक करून बोटाने दाखवत मोजतो, पुन्हा मोजतो आणि चिंचेची वाटी ताडपत्रीच्या कडेला सरकवतो. खिशातून काटा काढतो. कोरं असताना या डॉलरचं वजन 26.95 ग्रॅम असतं. काट्यावरचा आकडा हलतो आणि थांबतो. 26.8.

“एवढे ठोके खाऊन?” तो म्हणतो. “बोला ताई, किती देताय?”